गरम पाण्याची कुंडे : एक दिवसाची सहल आणि गुडघ्यांचे दुखणे

थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या बहुधा पन्नाशी-साठीच्या बायका असतात. उसाच्या खुरपणीत आणि गोठ्यातल्या कामात त्यांचे गुडघे झिजलेले असतात. "डॉक्टरसाहेब, पालीच्या गणपतीला गाडी चाललीय. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं की गुडघं धरत नाहीत म्हणत्यात. जाऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण "जा" किंवा "जाऊ नका" असे एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही. एकाच गाडीतून जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला ते पाणी सुखाचे ठरते, तर दुसऱ्याला तेच पाणी दोन महिने अंथरुणाला खिळवते. असे का होते आणि आपण यांपैकी कोणत्या माणसांत मोडतो, हे जाण्यापूर्वी कसे ओळखावे, याची माहिती आजच्या लेखात करून घेऊ.

पाणी गरम का असते?

आपल्या महाराष्ट्रात गरम पाण्याचे झरे पुष्कळ आहेत. कोकणात तर उत्तरेला पालघरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत त्यांची एक रांगच लागलेली आहे. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सव, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वरकडचे तुरळ, राजवाडी, आरवली आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यांतली ठळक नावे. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. यांतल्या कितीतरी नावांत 'ऊन' हा शब्द दडलेला आहे. आपण आजही आंघोळीला 'ऊन पाणी' काढतो, तोच हा शब्द.

पाण्यात गंधक असल्यामुळे ते तापते, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. काही झऱ्यांपाशी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो पाण्यात विरघळलेल्या गंधकयुक्त वायूचा असतो, पण पाणी तापवण्याचे काम तो करीत नाही. कोकणात जागता ज्वालामुखीही नाही. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस इतकी ही वाढ असते. पावसाचे पाणी काळ्या खडकातल्या भेगांमधून खूप खोलवर उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वेगाने वर येते. वाटेत त्यात निरनिराळे क्षार विरघळतात. जे पाणी लवकर वर येते ते जास्त गरम राहते, आणि ज्यात वाटेत थंड पाणी मिसळते ते कोमट होते. म्हणूनच काही झऱ्यांचे पाणी ३५ अंशांच्या आसपास असते, तर काहींचे ७० अंशांपर्यंत जाते.

हा आकड्यांचा फरक वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. आपल्या अंगाचे तापमान ३७ अंश असते. ३८ ते ४० अंशांचे पाणी अंगाला सुखद वाटते. ५० अंशांच्या पाण्यात पाय ठेवला तर पाच मिनिटांच्या आसपास कातडी खोलवर भाजते, आणि ६० अंशांच्या पाण्यात त्याला पाच-सहा सेकंद पुरतात. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असल्याने त्यांना याहूनही कमी वेळ लागतो. 'गरम कुंड' हे नाव सगळीकडे एकच असले, तरी प्रत्येक कुंड वेगळे असते. एकाच ठिकाणच्या दोन कुंडांचे पाणीसुद्धा सारखे नसते.

अंगाला बरे का वाटते?

कुंडात बसल्यावर बरे वाटते, हा मनाचा खेळ नव्हे. त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी आपले वजन उचलून धरते. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार निम्म्याच्या जवळपास येतो. मानेएवढ्या पाण्यात तर तो जेमतेम एक दशांश उरतो. साठ-सत्तर किलोचे ओझे दिवसभर वाहणाऱ्या गुडघ्याला अशी सुटी एरवी कधी मिळत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताभिसरण वाढते आणि आखडलेले स्नायू सैल पडतात. सांध्याभोवतीचा ताठरपणा कमी झाला की गुडघा मोकळेपणाने वाकतो.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. वर्षभर ज्या बाईला चूल, शेत आणि जनावरे यांतून मान वर करायला फुरसत नसते, ती एक दिवस मैत्रिणींबरोबर बाहेर पडते, हसते-बोलते. दुखणे सोसण्याची ताकद यानेही वाढते. हा औषधाचा भाग नाही, पण तो कमी महत्त्वाचाही नाही.

आपल्या आयुर्वेदानेही हे ओळखले होते. चरकसंहितेत शेक देण्याचे, म्हणजे स्वेदनाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. गरम द्रवात बसून राहणे, म्हणजे अवगाहन, हा त्यांतलाच एक. मात्र त्याच ठिकाणी स्वेदन कोणाला देऊ नये, याचीही यादी आहे आणि त्या यादीत गर्भवती स्त्री व मधुमेही यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा भाग सांगणारा सहसा गाडीत नसतो.

गुण किती दिवस टिकतो?

गुडघ्याच्या झिजेवर गरम क्षारयुक्त पाण्याच्या स्नानाचा कितपत उपयोग होतो, यावर युरोपात आणि तुर्कस्तानात बरेच अभ्यास झाले आहेत. सलग दोन-तीन आठवडे असे स्नान घेणाऱ्यांच्या वेदना काही महिने कमी राहिल्याचे त्यांपैकी अनेकांत दिसले. पण या अभ्यासांना एक मर्यादा आहे. गोळीच्या परीक्षेत रुग्णाला खरी गोळी दिली की खोटी, हे लपवता येते. माणूस गरम पाण्यात बसला आहे की नाही, हे त्याच्यापासून कसे लपवणार? त्यामुळे गुण पाण्याचा किती आणि विश्वासाचा किती, हे सांगणे अवघड होते.

आपल्याकडची सहल एका दिवसाची असते. कुंडात अर्धा तास आणि गाडीत सात-आठ तास. अशा एका स्नानाने काही तास, फार तर एक-दोन दिवस आराम वाटतो. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. वात 'धुऊन' जात नाही. सहलीहून आल्यावर "आता पाय मोकळे झाले" म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण दरवर्षी आमच्याकडे येतात. आठवड्याभरात दुखणे परत येते. संधिवाताच्या, म्हणजे ज्यात सांधे सुजतात आणि सकाळी तासभर आखडलेले राहतात अशा आजाराच्या, रुग्णांनी तर औषध कधीही आपल्या मनाने थांबवू नये. त्यात सांधे कायमचे वाकडे होण्याचा धोका असतो.

कातडीच्या रोगांबाबत अधिक सांगायला हवे. उनकेश्वर आणि उनपदेव या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषींची कथा सांगतात. त्यांच्या व्याधीवर उपाय म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून गरम पाणी काढले, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेने जाणाऱ्याला कोणी अडवू नये. पण अंगावर फिकट चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची जागा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, कुंडात नंतर. सरकारी दवाखान्यांत या रोगाची औषधे मोफत मिळतात आणि साधारण सहा ते बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटे आणि डोळे यांना आलेले व्यंग मागे राहते. नायटा आणि खरूज यांचेही तसेच. कुंडावर एकमेकांचे ओले पंचे वापरल्याने हे रोग बरे होत नाहीत, उलट घरभर पसरतात.

ज्याच्या पायाला कळत नाही त्याचे काय?

आता मुख्य धोक्याकडे वळू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या आपल्या राहू बेटात उसाबरोबर मधुमेहही घरोघरी आला आहे. ज्याचा मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा आहे, त्याच्या पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळजळतात. पुढे तेही थांबते. रुग्णाला वाटते, बरे झाले. खरे पाहता पायाने बोलणेच बंद केलेले असते.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. वय साठीच्या आत, धडधाकट शेतकरी, स्वतःचे गुऱ्हाळ. सगळा जन्म काहिलीच्या वाफेत आणि चुलवाणाच्या धगीत गेलेला, त्यामुळे उष्णतेचे भय ठाऊक नाही. मधुमेह बारा वर्षांचा. कोकणातल्या एका कुंडावर मंडळी आंघोळ करीत असताना ते शेजारच्या जास्त गरम कुंडात पाय सोडून काठावर गप्पा मारीत बसले. इतरांनी त्या पाण्याला बोट लावून हात मागे घेतला. यांना मात्र ते "छान कोमट" लागले. रात्री घरी आल्यावर मोजा काढताना त्याबरोबर कातडी निघून आली. तेव्हाही दुखले नाही, म्हणून त्यांनी हळद लावून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ताप भरला तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आला. पुढे मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले, पायाचे एक बोट काढावे लागले आणि जखम भरायला दोन महिने गेले. त्या वर्षीचे त्यांचे गुऱ्हाळ बंद राहिले.

या माणसाने बेपर्वाई केली असे म्हणता येणार नाही. हात मागे घेण्याची सूचना मेंदूला जिथून मिळते, ती तारच तुटलेली होती. म्हणून मधुमेही माणसाने "मला सोसते" या भावनेवर कधीही विसंबू नये.

आपले पाय बधिर झाले आहेत का, हे घरच्या घरी पाहता येते. रुग्णाने डोळे मिटून आडवे व्हावे. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या शेंड्यांना अगदी हलका स्पर्श करावा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा जागा घ्याव्यात. प्रत्येक ठिकाणी एक-दोन सेकंदच बोट टेकवावे, दाबू नये, टोचू नये. स्पर्श झाला की रुग्णाने "उजवा" किंवा "डावा" सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होऊ लागले आहेत असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अशा माणसाने कुंडात पाय बुडवू नये. घरी गरम पाण्याची पिशवी, वीट किंवा शेगडीचा शेकही घेऊ नये. ही परीक्षा करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. सहलीच्या आदल्या रात्री ती प्रत्येक मधुमेही माणसाच्या घरी व्हावी, अशी माझी विनंती आहे.

आणखी कोणी जपावे?

गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावल्याने रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत पाण्याच्या दाबाने तोल सांभाळला जातो. झटकन उठून बाहेर आले की रक्त पायांकडे धावते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस ओल्या फरशीवर कोसळतो. वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते. रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या किंवा हृदयविकारात जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो.

गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना धाप लागणारे, छातीत दुखणारे आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले यांनी कुंडात उतरू नये. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम पाण्यात बसणे टाळावे. आईच्या अंगाची उष्णता फार वाढली तर गर्भाच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या वाढीत दोष राहू शकतो. अपस्माराचे म्हणजे फिट येणारे रुग्ण, अंगात ताप असलेले, पायावर उघडी जखम किंवा भेगा असलेले, आणि ज्यांचा सांधा लाल होऊन सुजला आहे असे रुग्ण यांनीही काठावर बसून देवदर्शनाचाच लाभ घ्यावा. दारू पिऊन कुंडात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

उपवासाविषयी वेगळे सांगतो, कारण अष्टविनायकाच्या गाड्या चतुर्थीलाच जास्त निघतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतलेले, पोटात साबुदाण्याचे चार घास किंवा तेही नाही, आणि त्यात गरम पाण्याचे स्नान. उष्णतेने इन्शुलिन कातडीखालून रक्तात लवकर शोषले जाते आणि साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, बडबड आणि मग बेशुद्धी. लोकांना वाटते, वारे लागले. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्यावा. त्या वेळी उपवासाचा विचार करू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

पाणी गरम म्हणजे निर्जंतुक नव्हे

"एवढ्या गरम पाण्यात जंतू कुठले राहायला?" असे म्हणणारे बरेच भेटतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन येथील जवळजवळ उकळत्या झऱ्यांतही जिवाणू आनंदाने वाढतात. तिथे सापडलेल्या अशाच एका जिवाणूचे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यापासून मिळालेले एक विकर पुढे प्रयोगशाळांच्या फार उपयोगी पडले. २०२० साली कोरोनासाठी नाकातून नमुना घेऊन जी तपासणी होत असे, तिची रीत अशाच विकराच्या जोरावर उभी राहिली आहे. तो जिवाणू निरुपद्रवी आहे, पण उष्णतेने सगळेच मरत नाही, एवढे त्यावरून कळते.

सगळे मात्र निरुपद्रवी नसतात. कोमट गोड्या पाण्यात एक सूक्ष्म अमीबा असतो. तो ४६ अंशांपर्यंतच्या पाण्यात तग धरतो. पाणी जोराने नाकात गेले तर तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूचा अत्यंत घातक दाह होतो. केरळात २०२४ आणि २०२५ साली अमीबामुळे झालेल्या मेंदूदाहाचे रुग्ण आढळल्याने त्याची चर्चा सर्वत्र झाली. हा रोग फार विरळा आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण कुंडात बुडी मारू नये, उडी टाकू नये, मुलांना नाकात पाणी जाईल असे खेळू देऊ नये. डोके पाण्याबाहेर ठेवून बसणे केव्हाही चांगले. स्नानानंतर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान आखडणे असे झाले, तर दवाखान्यात जाऊन आपण कुंडात उतरलो होतो हे आवर्जून सांगावे.

तीर्थ म्हणून ते पाणी तांब्याने पिऊ नये. त्यात क्षार आणि काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असते, शिवाय शेकडो माणसांचे अंग त्यात धुतलेले असते. जपानात गरम झऱ्यांची परंपरा आपल्याइतकीच जुनी आहे आणि १९४८ पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे. तिथे कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर अंग स्वच्छ धुण्याची रीत कटाक्षाने पाळतात. ही रीत आपणही उचलायला हरकत नाही. अंग आधी बाहेर धुवावे, कुंडात साबण लावू नये, कपडे पिळू नयेत.

सहलीचा दिवस कसा आखावा?

राहूहून वाघोलीमार्गे पुणे, पुढे लोणावळा, खोपोली आणि पाली असा बहुतेक गाड्यांचा रस्ता असतो. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या पुढे प्रवास होतो. बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन जवळच्या उन्हेऱ्याला जाता येते. एवढा वेळ पाय लोंबकळत बसल्याने गुडघे आखडतात आणि पावलांना सूज येते. म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. लघवीला जावे लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. ते चूक आहे. गरम पाण्यात घाम जातो, तो पाण्यात असल्याने दिसत नाही इतकेच. स्नानाआधी आणि नंतर एकेक ग्लास पाणी प्यावे.

आपली रोजची औषधे वेळेवर घ्यावीत आणि बरोबरही ठेवावीत. भरपेट जेवणानंतर लगेच किंवा अगदी रिकाम्या पोटी उतरू नये. हलक्या खाण्यानंतर तासाभराने उतरणे बरे. पाण्याची परीक्षा कोपराने करावी, तळहाताने नव्हे. कामाने राठ झालेल्या तळहाताला उष्णता उशिरा कळते. मधुमेही माणसासाठी ही परीक्षा दुसऱ्या, निरोगी माणसाने करावी. औषधांच्या दुकानात मिळणारा ताप मोजण्याचा थर्मामीटर यासाठी चालत नाही, तो ४२-४३ अंशांपर्यंतच दाखवतो. कोपराला चटका वाटला की ते पाणी आपले नव्हे, एवढी खूण पुरेशी आहे.

पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून हात धरून उतरावे. आधी पाय, मग कंबर, मग छाती असे हळूहळू पाण्यात जावे. पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेत, पंधराच्या पुढे जाऊ नये. बसल्या जागी गुडघे दहा-बारा वेळा वाकवावेत आणि सरळ करावेत. पाण्यात हा व्यायाम सोपा जातो आणि खरा लाभ त्याचाच होतो. छातीत धडधडणे, डोके हलके वाटणे, मळमळ असे काही झाले तर लगेच बाहेर यावे. बाहेर येताना आधी काठावर दोन मिनिटे बसावे, मग उभे राहावे. अंग पुसून कोरडे कपडे घालावेत आणि पंधरा-वीस मिनिटे सावलीत विसावा घ्यावा. वृद्ध माणूस आणि लहान मूल यांना कुंडात एकटे सोडू नये.

चक्कर आलेल्या माणसाला सपाट जागी निजवून त्याचे पाय उशीभर उंच करावेत. भाजल्यास त्या जागेवर साधे गार, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, राख यांपैकी काही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कपड्याने सैल झाकून दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाच्या पायावरचा लहानसा फोडही त्याच दिवशी दाखवावा, दुखत नसला तरी. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी

गुडघ्यांना आराम हवा असेल तर त्यासाठी दरवेळी घाट उतरायला हवा असे नाही. ज्यांचे पाय बधिर नाहीत, त्यांनी कोपराला सुखद वाटेल अशा गरम पाण्यात कापड भिजवून, पिळून, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे गुडघ्यांना शेक द्यावा. त्यानंतर खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ समोर उचलावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करावे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. वजन चार-पाच किलोने उतरले तरी फरक कळतो. उकिडवे बसून खुरपण्याऐवजी लहान पाट किंवा लांब दांड्याचे खुरपे वापरता आले तर उत्तम. हे उपाय दिसायला किरकोळ आहेत, पण वर्षातून एकदा घेतलेल्या कुंडाच्या स्नानापेक्षा रोजच्या पंधरा मिनिटांचा गुण जास्त टिकतो.

तेव्हा ज्यांच्या पायांना स्पर्श कळतो, रक्तदाब आटोक्यात आहे आणि छातीचा त्रास नाही, त्यांनी अवश्य जावे, देवदर्शन घ्यावे, दहा मिनिटे पाण्यात बसून यावे. गोळ्या मात्र पिशवीत असू द्याव्यात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्यात. गाडीत आपल्या शेजारी बसलेल्या तात्यांना किंवा मावशींना मधुमेह असेल, तर कुंडावर पोचण्याआधी त्यांच्या पायांची परीक्षा झाली आहे ना, एवढे आठवणीने विचारावे.